सेतेन्ता आणि फुगडीची पकड

"सुएल्ता," ती म्हणाली. मग जरा थांबून, "सुआवे, मि आमोर, सुआवे."

सुएल्ता म्हणजे सोड. सुआवे म्हणजे अलगद. शब्द मला कळले होते, बोटांपर्यंत पोचले नव्हते. हवानाच्या सेन्त्रो आबाना वस्तीतल्या एका जुन्या इमारतीची गच्ची, सकाळचे साडेदहा, वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे समुद्राची निळी पट्टी. माझ्यासमोरच्या क्यूबन बाईचा डावा हात तिच्या पाठीमागे गेलेला आणि तो माझ्या उजव्या मुठीत. तिचा अंगठा माझ्या बोटांखाली अडकला होता, त्यामुळे खांदा कानाकडे उचलला गेला होता आणि ती वळण पुरं न करता मध्येच थांबली होती. चेहऱ्यावर राग नव्हता. मी हात सोडेपर्यंत ती नुसती उभी राहिली.

ही सेतेन्ता. स्पॅनिशमध्ये सेतेन्ता म्हणजे सत्तर. रुएदा दे कासीनो हा क्यूबाचा, गोलात नाचायचा जोडीचा नाच. त्यातली पहिली काही वळणं अंगात मुरली की शिकवली जाणारी ही फिगर, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. पुण्यात दोन वर्षं शनिवारचा क्लास करून मी फेब्रुवारीत पंधरा दिवस हवानाला आले होते, आणि त्यातले बारा दिवस या एका फिगरनं घेतले. त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

माझी पकड आली कुठून हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून फुगडी घालते. श्रावणात आमच्या वाड्यात मंगळागौर जागवली जायची आणि आजी आम्हा मुलींना बजावायची, "बोटांना नको गं धरू, मनगटाला धर. सुटलीस तर कपाळमोक्ष." फुगडीत पाय जुळवून अंग मागे टाकायचं असतं. समोरचीचं सगळं वजन तुमच्या हातांत आणि तुमचं तिच्या. पकड जितकी घट्ट तितका वेग, आणि जितका वेग तितका आनंद. चाळीस वर्षं माझ्या हातांनी हेच शिकलं होतं की गोल फिरताना समोरचीला धरून ठेवणं म्हणजे तिची काळजी घेणं. आता हवानातली ही बाई मला सांगत होती की तिची काळजी घ्यायची असेल तर मूठ उघड.

थोडं मागे जाते. कोथरूडच्या ज्या हॉलमध्ये मी शिकायला लागले तिथे बायका जास्त आणि पुरुष कमी, म्हणून आमच्यातल्या निम्म्या जणी लीडरची, म्हणजे जोडीदारणीला वळवणाऱ्याची, बाजू शिकल्या. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मंगळागौरीत बायकाच बायकांना फिरवतात, झिम्म्यात कुणीतरी एक पुढे असते आणि बाकीच्या तिच्या मागे. गोलाचीही सवय होती. पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरलेल्या कुठल्याही मुलीला ती असते. फक्त दिशा उलटी होती. आपण प्रदक्षिणा घालतो ती घड्याळाच्या काट्याप्रमाणे. रुएदात लीडर सरकतो तो उलट, आपल्या उजव्या हाताला. पहिले दोन महिने 'दामे' अशी हाक आली की मी डावीकडे जायची आणि शेजारच्या लीडरच्या अंगावर आदळायची.

दामे म्हणजे 'मला दे'. रुएदाचा अर्थ चाक, आणि चाक फिरतं ते या हाकेवर. जोड्या गोलात उभ्या असतात, त्यांच्यातलाच एक जण हाका देतो, आणि प्रत्येक हाकेला सगळ्या जोड्या एकाच वेळी तीच फिगर करतात. दामे म्हटलं की प्रत्येक लीडर आपल्या जोडीदारणीला सोडून पुढचीकडे जातो. म्हणजे एका गाण्यात तुम्ही सहा-सात जणींबरोबर नाचता, आणि कुणाबरोबर किती वेळ हे तुमच्या हातात नसतं. मधल्या वेळात सगळे ग्वापेआ करत असतात: १-२-३ ला मागे, ५-६-७ ला पुढे, आणि पुढे येताना तळव्याला तळवा लागतो. झिम्म्याची टाळी आठवावी असा तो स्पर्श आहे, पण आवाज न करता, किंचित दाब देऊन परत जायचं. ४ आणि ८ वर पाऊल पडत नाही. आठ मात्रांचा हा हिशोब मला परका वाटला नाही, कारण वडिलांच्या भजनी मंडळात लहानपणापासून आठ मात्रांचाच ठेका ऐकत आले. रिकामी मात्रासुद्धा मोजायची असते हे तिथे शिकले होते.

पुण्यात दीले के नो, एन्चुफ्ला, बासीला एवढं नीट यायला लागलं होतं. नावं गमतीची आहेत: दीले के नो म्हणजे 'तिला नाही म्हण', एन्चुफ्ला हे प्लग खोचण्याच्या क्रियापदावरून आलेलं. सेतेन्ताही आम्ही व्हिडिओ बघून करून पाहिली होती. हात कुठून कुठे जातात ते समजलं होतं आणि नाच होत नव्हता. माझी जोडीदारीण, जी माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, दर वेळी वळणातून बाहेर आल्यावर खांदा चोळायची. "ताई, तुमचं काही चुकत नाहीये, माझाच हात आखडतो," असं म्हणायची. मी ते खरं मानलं.

हवानाला जायचं कारण साधं आहे: हा नाच तिथला आहे. १९५० च्या दशकात तिथल्या क्लबांमध्ये पोरं गोल करून नाचायला लागली आणि त्यातल्या मिरामार भागातल्या कासीनो देपोर्तीवो या क्लबवरून नाचाला कासीनो हे नाव पडलं, असं आमच्या शिक्षिकेनं पहिल्याच दिवशी सांगितलं. हे क्लब पैसेवाल्या गोऱ्यांचे होते. १९५९ च्या क्रांतीनंतर ते कामगारांसाठी उघडले गेले. नाचाच्या पोटात मात्र क्यूबाच्या पूर्वेकडून आलेला सोन हा संगीत-नाचाचा प्रकार आहे, आणि संगीतकार एन्रिके होर्रीननं त्याच दशकात लोकप्रिय केलेला चाचाचा आहे. साल्सा हा शब्द न्यूयॉर्कमधून जगभर गेला, पण गच्चीवर कुणी "साल्सा नाचूया" म्हणत नव्हतं. कासीनोच म्हणायचे. शिक्षिकेला सगळे 'प्रोफे' म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले.

आता सेतेन्ता. प्रोफेच्या पद्धतीत ती चार आठांची, म्हणजे आठ-आठ मात्रांच्या चार आवर्तनांची आहे. दुसरीकडे थोडी वेगळी शिकवतात. ग्वापेआत तळवे भेटतात त्या ५-६-७ ला टाळीऐवजी दोन्ही हात धरायचे. पहिल्या आठात माझा डावा हात वर जातो, ती त्याच्याखालून उजवीकडे पूर्ण वळते. माझा उजवा हात, ज्यात तिचा डावा आहे, तो खालीच राहतो. त्यामुळे वळण संपताना तिचा डावा हात तिच्या पाठीमागे कमरेशी येतो. दुसऱ्या आठात आमच्या उजव्या कुशी जवळ असतात, तोंडं उलट दिशांना, आणि आम्ही एकमेकींभोवती चालतो. मग ५-६-७ ला डावा हात पुन्हा वर, ती डावीकडे उलगडते आणि पाठीमागचा हात मोकळा होतो. तिसऱ्यात एन्चुफ्ला, म्हणजे जागांची अदलाबदल. चौथ्यात दीले के नो, ती माझ्यापुढून ओलांडून आपल्या जागेवर, आणि पुन्हा ग्वापेआ.

सांगायला इतकंच आहे. सगळं अडतं ते पहिल्या आठाच्या शेवटी, हात पाठीमागे जातो तिथे.

पहिले तीन दिवस माझ्या तीन चुका होत राहिल्या आणि त्या एकमेकींना धरून होत्या. उजवी मूठ घट्ट, ही पहिली. मूठ घट्ट असल्यामुळे ती वळताना माझा उजवा हात तिच्याबरोबर वर चढायचा, आणि तिचा कोपर पाठीमागे मुरगळायचा, ही दुसरी. आणि तिला त्रास होतोय हे जाणवून मी घाबरायचे, डावा हात उशिरा उचलायचे, मग तिला अर्ध्या वेळात पूर्ण वळण घ्यावं लागायचं. प्रोफे लांबून बघायची आणि नुसती बोटं हवेत उघडून दाखवायची. मी मान हलवायचे, पुढच्या आठात पुन्हा मूठ. मला कळलं होतं, पण हात माझं ऐकत नव्हते. नवीन गोष्ट शिकणं मला कधीच जड गेलं नाही; इथे शिकलेली गोष्ट काढून टाकायची होती, आणि ती आजीची शिकवण होती.

चौथ्या दिवशी प्रोफेनं सगळ्या लीडरना फॉलोअर केलं. पूर्ण दोन तास. माझ्यासमोर एक उंच विद्यार्थी आला, हातांचे पंजे माझ्या दुप्पट. त्यानं डावा हात उचलला, मी वळले, आणि माझा हात पाठीमागे गेला त्याच क्षणी एक जुनी कळ मानेपर्यंत आली. तीन वर्षांपूर्वी माझा डावा खांदा आखडला होता. आठ महिने मला ब्लाऊजचा मागचा हुक लावता येत नव्हता. मुलीला हाक मारावी लागायची, आणि ती ऑफिसला गेली असेल तर कुर्ता घालून बाहेर पडायची मी. त्या आठ महिन्यांत माझ्या शरीरानं जे जे टाळलं ते सगळं या एका हालचालीत होतं. तो काही वाईट नाचत नव्हता. तो माझ्यासारखाच नाचत होता. त्यानं मला घट्ट धरलं होतं, कारण त्याला वाटत होतं मी पडेन.

मी त्याला थांबवलं, त्याचा हात माझ्या हातात घेतला आणि उघडला. त्याला समजावायला माझ्याकडे स्पॅनिश पुरेसं नव्हतं, म्हणून मी त्याचा हात नेऊन माझ्या कमरेवर मागच्या बाजूला, जरा डावीकडे ठेवला. तेव्हा माझं मलाच कळलं की ही जागा कुठली. नऊवारीत आपण पदर फिरवून कमरेला खोचतो ना, तिथे. मंगळागौरीला खेळायला उभं राहण्याआधी प्रत्येक बाईचा हात न बघता जिथे जातो, ती जागा. हात तिथे असला की खांदा दुखत नाही. चार बोटं वर सरकला की दुखतो. आणि पदर आपण मूठ आवळून फिरवत नाही. काठ बोटांच्या टोकांवर घेऊन कमरेभोवती आणतो आणि खोचून सोडतो.

त्या दिवसापासून मला दुसऱ्या कुठल्याही सूचनेची गरज लागली नाही. प्रोफे म्हणायची ते सगळं यात आलं होतं: अंगठा मिटायचा नाही, बोटांचा आकडा करायचा, तिची बोटं त्या आकड्यात फिरू द्यायची, हात कमरेच्या रेषेत ठेवायचा, आणि तो तिच्याभोवती आडवा न्यायचा, वर नाही. मी हे तिला मोडक्या स्पॅनिशमध्ये आणि खुणांनी सांगितलं. साडी कशी नेसतात, पदर कुठे खोचतात हे ओढणी घेऊन करून दाखवलं. तिनं ती ओढणी मागून घेतली आणि पुढचा अर्धा तास सगळ्या वर्गाला एकेक करून ओढणी कमरेभोवती फिरवायला लावली.

पण कळणं आणि येणं यांत अजून दिवस होते. मी राहत होते ते घर सत्तरीच्या एका बाईंचं होतं, वरची एक खोली त्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या. दुपारी मी खोलीच्या दाराच्या मुठीला टॉवेल बांधून सराव करायची: डावा हात वर, उजव्यात टॉवेलचं टोक, बोटं उघडी. एकदा त्या कॉफी घेऊन आल्या आणि दारात उभं राहून बघत राहिल्या. मग कप ठेवला, टॉवेल सोडला आणि स्वतः माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पायात घरातल्या चपला, कमरेला एप्रन. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता.

मी सेतेन्ता केली. मूठ नव्हती, हात कमरेशी होता, सगळं बरोबर होतं असं मला वाटलं. त्यांनी मान हलवली. "तू माझा हात फिरवतेस," त्या म्हणाल्या, "मी चालते आहे की." मला कळलं नाही. त्यांनी लीडरची जागा घेतली, माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि डावा हात उचलायच्या आधी फक्त आपला डावा पाय मागे घेतला. माझ्यासमोर वाट मोकळी झाली. मी तिकडे गेले, कारण न जाण्यासारखं काही नव्हतंच. हात वर होता तो छपरासारखा, मी त्याच्याखालून जात होते, तो मला ढकलत नव्हता. पाठीमागे हात केव्हा गेला ते मला समजलंसुद्धा नाही. मग आम्ही दोघी एकमेकींभोवती चाललो, एका जात्याच्या खुंट्याला दोघींनी धरून दळावं तशा, आणि त्यांनी मला उलगडलं.

सत्तरीच्या त्या बाईंच्या हातात जोर जवळजवळ नव्हताच. उजव्या हाताच्या दोन बोटांवर माझी बोटं होती, बस. तरी मी कुठे जायचं याबद्दल मला एक क्षणही शंका आली नाही. दोन वर्षं मी हातांचा नकाशा पाठ करत होते, आणि हात हा या नाचात सर्वांत शेवटी पोचणारा भाग आहे. आधी पाय, मग अंग, मग हात. लीडर जागा करून देतो, फॉलोअर चालते, हात नुसते सोबत राहतात. त्यानंतर रोज दुपारी त्या यायच्या, कॉफीआधी चार-पाच सेतेन्ता व्हायच्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत. पुण्याहून नेलेल्या भाकरवडीचं एक पाकीट मी त्यांना दिलं. ते त्यांनी पुरवून पुरवून खाल्लं.

सातव्या दिवशी जोडीत सेतेन्ता नीट यायला लागली. आठव्या दिवशी ती चाकात नेली आणि मोडली.

हे मला अपेक्षित नव्हतं. मोकळ्या जागेत आम्ही दोघी नाचायचो तेव्हा चार आठ संपेपर्यंत आम्ही सुरुवातीच्या जागेपासून दीड हात सरकलेल्या असायचो, आणि त्याचं काही बिघडायचं नाही. चाकात सहा जोड्या होत्या. प्रत्येक जोडी थोडी थोडी सरकली, कुणी आत, कुणी बाहेर, आणि दीले के नो संपताना गोलाचा बटाटा झाला. प्रोफेनं "दामे" म्हटलं तेव्हा मी उजवीकडे वळले तर तिथे कुणीच नव्हतं. माझी पुढची जोडीदारीण चार पावलं मागे उभी होती. तिथपर्यंत पोचेस्तोवर १ निघून गेला होता.

प्रोफेनं खडू आणला. गच्चीच्या फरशीवर मोठा गोल काढला आणि त्यावर सहा फुल्या. मग सांगितलं की एकमेकींभोवती चालताना दोघींच्या मधोमध फुली राहिली पाहिजे. मी लीडर म्हणून मोठी पावलं टाकत होते आणि जोडीदारणीला ओढून नेत होते. फुलीवर नजर ठेवून चालले तेव्हा पावलं आपोआप लहान झाली. एन्चुफ्लाला जागा बदलताना मात्र खरी परीक्षा होती, कारण तिथे मी बाहेरून आत येते आणि दीले के नोला पुन्हा तिला तिच्या बाजूला पोचवायचं असतं. ते चौथं आठ मी पुण्यात कधी गंभीरपणे घेतलंच नव्हतं. अवघड भाग संपला, आता काय, परत जायचं, अशा भावनेनं करायची. रुएदात त्या आठाची जबाबदारी सगळ्यात जास्त आहे, कारण तुमची जोडीदारीण आता दुसऱ्या कुणाकडे जाणार आहे. ती तोल सांभाळून, वेळेवर, स्वतःच्या पायांवर पोचली नाही तर तो पुढचा लीडर तिच्याबरोबर काही करू शकत नाही. मला हे फार आवडलं. माझी चूक माझ्यापाशी राहत नव्हती, ती शेजारच्याच्या हातात जात होती. आणि उजवीकडच्या लीडरनं नीट पोचवलेली बाई माझ्यासमोर आली की मला ते तिच्या पहिल्या पावलातच कळायचं.

चाकात सहा वेगवेगळी अंगं भेटायची. एक इतकी चपळ की मी हात उचलायच्या आत वळून मोकळी. तिच्यासाठी मी हात उशिरा उचलायला शिकले. एक माझ्याहून वीतभर उंच, तिच्या डोक्यावरून हात नेताना मला टाचा उचलाव्या लागायच्या. आणि एक माझ्यासारखीच, आखडलेल्या खांद्याची. ती काही बोलायची नाही, पण वळण सुरू होताना तिची डावी बोटं माझ्या बोटांवर जड व्हायची. पहिल्यांदा ते जाणवलं तेव्हा मी उजवा हात सरळ सोडून दिला. ती हात पाठीमागे न नेताच वळली, साधी बासीला झाली, आणि पुढच्या आठात मी तिचा हात पुन्हा धरला. बाहेरून कुणाला फरक कळला नसेल. गाणं संपल्यावर तिनं माझ्या गालाला गाल लावला आणि पाणी प्यायला गेली. मुठीत धरलेल्या हातानं हे निरोप येत नाहीत. पुण्यातली माझी जोडीदारीण दोन वर्षं मला हेच सांगत असणार.

दहाव्या दिवशी वर्ग चालू असताना वीज गेली. क्यूबात हे रोजचंच झालं होतं, त्याला ते आपागोन म्हणतात. स्पीकर बंद झाला, आम्ही फिगरच्या मध्येच होतो. कुणी थांबलं नाही. प्रोफेनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण १-२-३ अशा नाही. तिनं क्लावे वाजवली. क्लावे म्हणजे दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा नमुना, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. तीन आधी असले तर ठोके १ वर, २ आणि ३ च्या मध्ये, ४ वर, मग ६ आणि ७ वर पडतात. आपल्या तालात सम शोधायची सवय असलेल्या कानाला हे आधी अडखळतं, कारण ४ वर ठोका आहे आणि ५ रिकामा. जिथे माझं पाऊल नाही तिथे आवाज, जिथे पाऊल आहे तिथे शांतता. बाकी वाद्यं होती तेव्हा मी ते कधी वेगळं ऐकलंच नव्हतं. त्या उन्हात, नुसत्या टाळ्यांवर, मला पहिल्यांदा ४ चा थांबा भरलेला वाटला. मी तिथे घाई करत होते, इतके दिवस. ३ चं पाऊल टाकून लगेच ५ कडे धावत होते, आणि जोडीदारणीला अर्धवट वळणात गाठत होते. ४ वरची टाळी ऐकून थांबले, तेव्हा तिचा हात आपोआप कमरेशी पोचला आणि मी त्याच्या मागे पोचले.

"से-तेन-ता," प्रोफे ओरडली, तीन अक्षरं बरोबर ५-६-७ वर, टाळ्या न चुकवता. खालच्या रस्त्यावरून जाणारे दोघे तिघे वर बघायला लागले. वीज सव्वा तासानं आली, तोपर्यंत आम्ही नाचलो.

शेवटच्या संध्याकाळी घरमालकीणबाई गच्चीवर आल्या. एप्रन नव्हता, लाल फुलांचा झगा होता आणि टाचांच्या चपला. नऊ जोड्यांचं चाक होतं, लॉस वान वान या क्यूबन बँडचं गाणं लागलं होतं, हाका प्रोफे देत होती. १९६९ पासूनची ही मंडळी, ढोल आणि पितळी वाद्यांचा असा काही दणका की हाक ऐकू येत नाही, म्हणून ती हाताच्या खुणा करत होती. सेतेन्तासाठी सात बोटं आणि मग मिटलेली मूठ. मिटलेली मूठ म्हणजे शून्य. एन्चुफ्ला, दामे. बासीला, दामे. सेतेन्ता, दामे. पाचव्या की सहाव्या दामेला त्या माझ्यासमोर आल्या. मी पाय मागे घेतला आणि त्या चालत गेल्या, त्यांच्या घरातल्यासारख्याच, फक्त वेगानं. कमरेशी हात पोचला तेव्हा त्यांनी तिथेच माझ्या बोटांवर दोनदा हलकेच थोपटलं. मग उलगडल्या, ओलांडून आपल्या फुलीवर गेल्या, आणि प्रोफेची पुढची खूण आली.

परत आल्यावर पुण्यातल्या जोडीदारणीला मी आधी सॉरी म्हटलं. मग तिला सेतेन्तात फिरवलं. तिनं खांदा चोळला नाही. आता आम्ही पाच जोड्या जमवून दर मंगळवारी माझ्या सोसायटीच्या गच्चीवर सराव करतो, फरशीवर खडूच्या फुल्या असतात. गाणं फार जलद असलं तर माझा उजवा हात अजून वर चढतो. सेतेन्ता कोम्प्लिकादो नावाची पुढची, जास्त गुंतागुंतीची फिगर आहे, ती आम्ही अजून हातात घेतलेली नाही.

श्रावणात पुतणीची मंगळागौर होती. रात्री खेळ सुरू झाले, नणंद समोर आली, मी पदर खोचला, हातांची अढी घातली आणि आम्ही फुगडीला सुरुवात केली. दोन फेऱ्यांत वेग आला, तिनं अंग मागे टाकलं, आणि माझी बोटं उघडायला लागली.

"वहिनी, घट्ट धरा!" ती ओरडली.

मी तिचं मनगट धरलं.